व्हॉट्सॲपची निळी टिक म्हणजे पोच नव्हे



या आठवड्याच्या व्हिडिओत वसुलीच्या नोटिशीबद्दल बोललो, पण सगळं मावलं नाही. शिवाय कॅमेऱ्यासमोर मी स्वतः फसलो ती गोष्ट जरा आवरती घेतली. इथे पूर्ण सांगतो, कारण माझं मत त्या गोष्टीतूनच आलंय.

२०१५-१६ ची गोष्ट. बीबीए करून मी नुकताच दुकानात बसायला लागलो होतो. आमचं काम ॲल्युमिनियमच्या खिडक्या, काचा, थोडं प्लायवूड. पावसच्या बाजूला एका बंगल्याचं काम आलं. मालक मुंबईचा, घर गावचं, काम बघणारा कंत्राटदार इथलाच, बाबांच्या ओळखीचा. एकूण २ लाख १४ हजारांचं काम, ८० हजार ॲडव्हान्स. फेब्रुवारी २०१६ मध्ये शेवटची खिडकी बसवली. राहिले १ लाख ३४ हजार.

कंत्राटदार म्हणायचा, मालकाने दिले की देतो. मालक फोनवर म्हणाला, मी तर त्याला सगळे देऊन मोकळा झालोय, तुमचं तुम्ही बघा. मग कंत्राटदार म्हणाला, "अरे गणपतीत तो गावी आला की बसू आपण तिघं." गणपती आले, गेले. शिमगा आला, गेला. मी व्हॉट्सॲपवर बिल टाकायचो, निळ्या टिका यायच्या. एकदा "देतो हो पुढच्या महिन्यात" असं उत्तरही आलं. मला वाटायचं, वाचतोय म्हणजे पोचतंय, पोचतंय म्हणजे पुरावा आहे.

२०१७ मध्ये मी एक नोटीस टाईप केली आणि खासगी कुरिअरने पाठवली. पावतीवर कुणाची तरी सही आली, म्हणजे एक रेघ. विचारलं तर कंत्राटदार म्हणतो, मला काही मिळालं नाही, ऑफिसात कुणी घेतलं असेल. मी गप्प बसलो, कारण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की एकदा नोटीस दिली की मुदत थांबते. कधीही कोर्टात जाता येईल.

एप्रिल २०१९ मध्ये वकिलांकडे गेलो. त्यांनी चार गोष्टी विचारल्या: काम कधी संपलं, काम ताब्यात दिल्याची सही कुठाय, नोटीस मिळाल्याची पोच कुठाय, आणि त्याने कधी लेखी कबूल केलंय का. पहिल्याचं उत्तर होतं. दुसऱ्याला चलन होतं, पण सही आमच्याच फिटरची. तिसऱ्याला ती रेघ. चौथं ज्या फोनमध्ये होतं, तो फोन आदल्या पावसाळ्यात भिजून मेला होता आणि बॅकअप मी कधी घेतलाच नव्हता.

वकील म्हणाले, पुराव्याचं नंतर बघू, तुझी तीन वर्षं फेब्रुवारीतच संपली.

त्या १ लाख ३४ हजारांतले जवळपास तीस हजार फिटर आणि त्याच्या हेल्परची मजुरी होती. ती आम्ही कधीच देऊन टाकली होती, बाबांची एक एफडी मोडून. बाबांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

तर मुदतीचं आधी स्पष्ट करतो, कारण प्रत्येक बॅचमध्ये निम्मे लोक माझ्यासारखंच समजून बसलेले असतात. मुदतीचा कायदा १९६३ चा आहे. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या पैशासाठी माल दिल्यापासून तीन वर्षं, आणि केलेल्या कामाच्या पैशासाठी काम झाल्यापासून तीन वर्षं. तुम्ही दहा नोटिसा पाठवा, घड्याळ थांबत नाही. घड्याळ नव्याने सुरू होतं ते समोरच्याने मुदतीच्या आत स्वतःच्या सहीने देणं कबूल केलं तर, किंवा मुदतीच्या आत थोडे तरी पैसे दिले आणि त्याची त्याच्या सहीची किंवा हस्ताक्षरातली नोंद राहिली तर. चेक दिला तर त्यावर सही असतेच. म्हणून मी आता सांगतो, थकलेल्या पार्टीकडून पाच हजार मिळत असतील तरी घ्या, पण रोख घेऊन खिशात घालू नका.

मग नोटीस कशासाठी? ती समोरच्याला तुमची मागणी कळली होती, हे ठरवून टाकते. नंतर त्याला "मला माहीतच नव्हतं", "काम खराब होतं म्हणून दिले नाहीत" असं म्हणायला जागा कमी राहते. सगळ्यात महत्त्वाचं, नोटीस बहुतेक वेळा कोर्टाच्या आधीच काम करते. पण ती पोचल्याचं सिद्ध होत असेल तरच.

अमेरिकेत बांधकामाच्या धंद्यात 'मेकॅनिक्स लीन' म्हणून प्रकार आहे. लीन म्हणजे आपल्या कायद्याच्या मराठीत धारणाधिकार. तुम्ही एखाद्या घरात खिडक्या बसवल्या आणि पैसे आले नाहीत, तर थेट त्या मालमत्तेवरच तुमचा हक्क नोंदवता येतो. तुमचा करार मालकाशी नसून कंत्राटदाराशी असला तरी. १७९१ मध्ये मेरिलँड राज्याने वॉशिंग्टन शहर उभं राहत असताना असा कायदा केला, म्हणजे कारागिरांना आणि माल देणाऱ्यांना उधारीवर काम करायची भीती राहू नये. आता राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात माल द्यायला सुरुवात केल्यापासून वीस दिवसांत प्राथमिक नोटीस द्यायची, फ्लोरिडात ४५ दिवसांत मालकाला. ती पोस्टाने रीतसर पोच घेऊन पाठवतात, सहीचं हिरवं कार्ड परत येतं, ते फाईलला लागतं.

मला यातलं काय आवडलं माहितीये? ही नोटीस भांडण झाल्यावर जात नाही, काम सुरू होताना जाते. तिथे कुणी ती मनाला लावून घेत नाही. सगळेच पाठवतात.

आपल्याकडे जमिनीवर, घरावर असा हक्क माल देणाऱ्याला नाही. आपला धारणाधिकार वस्तूवर असतो, आणि तोही वस्तू आपल्या ताब्यात असेपर्यंत. १८७२ च्या करार कायद्यात, कलम १७० मध्ये, शिंप्याचं उदाहरण दिलंय. कापड शिवायला दिलं तर मजुरी मिळेपर्यंत शिंपी कोट ठेवून घेऊ शकतो. पण त्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल तर नाही ठेवू शकत. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे, पण रत्नागिरीच्या कुठल्याही फॅब्रिकेटरला आज लागू आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यातही तसंच: पैसे न मिळालेला विक्रेता माल अडवून ठेवू शकतो, एकदा हातातून गेला की तो हक्क गेला. माझ्या खिडक्या दुकानात होत्या तोवर माझ्या होत्या. भिंतीत बसल्या की त्या घराच्या झाल्या. (काही जण मग रात्री जाऊन पल्ले काढून आणतात. करू नका. पैसे बुडाले ते बुडाले, वर पोलीस स्टेशनला तुम्हीच आरोपी.)

म्हणूनच मला वाटतं, ज्या देशात घरावर हक्क नाही तिथे कागदाची गरज जास्त आहे. आणि नेमकं आपल्याकडेच कागद करायची लाज वाटते.

ही लाज मी हसण्यावारी नेत नाही. बाबा आजही म्हणतात, "नोटीस म्हणजे भांडणाचं आमंत्रण." आपलं शहर छोटं. ज्याला नोटीस पाठवायची तो मारुती मंदिरच्या सर्कलला चहाच्या टपरीवर उद्या भेटणार. त्याची मुलगी आपल्या मुलाच्या वर्गात. त्याच्या एका कामातून आणखी तीन कामं येतात. हे सगळं खरं आहे. पण याचा अर्थ मी असा लावतो की नोटीस शेवटी पाठवली की ती भांडण वाटते, कारण तोवर खरंच भांडण झालेलं असतं. पहिल्याच दिवशी सगळ्यांना जाणारा कागद असेल तर त्यात कुणाचा अपमान?

त्यामुळे आमच्या दुकानातून आता काम सुरू करतानाच एक पानी पत्र जातं. कंत्राटदाराला आणि घरमालकालाही. त्यात एवढंच: "आपल्या अमुक गावच्या घराच्या खिडक्यांचं काम अमुक कंत्राटदारांमार्फत आमच्याकडे आले आहे. अंदाजे रक्कम इतकी. काम पूर्ण झाल्यावर इतक्या दिवसांत रक्कम येणे अपेक्षित आहे. काम ताब्यात देताना आपली किंवा आपल्या माणसाची सही घेऊ." या पत्राने मालकावर कायद्याने पैसे द्यायची जबाबदारी येत नाही, करार कंत्राटदाराशीच आहे. पण मालकाला कळतं की खिडकीवाल्याचे पैसे अजून द्यायचे आहेत. मग शेवटचा हप्ता सोडताना तो कंत्राटदाराला विचारतो. कोकणात तर हे फारच उपयोगी, कारण मालक निम्म्या वेळा मुंबईत असतो आणि इथे काय चाललंय हे त्याला कंत्राटदार सांगेल तेवढंच कळतं.

आता पैसे थकल्यावरच्या नोटिशीकडे येतो. आधी पत्ता. आपल्याकडे सगळ्यात जास्त नोटिसा इथेच मरतात. गावच्या घराच्या पत्त्यावर पाठवली, घराला कुलूप, चाकरमानी बोरिवलीत. पाकीट फिरून परत. म्हणून दोन्ही पत्त्यांवर पाठवा, गावच्या आणि मुंबईच्या. समोरचा धंदेवाला असेल तर त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाका, कायदेशीर नाव आणि धंद्याचा मुख्य पत्ता समोर येतो. पाकिटावर फक्त दुकानाचं नाव नको, मालकाचं नाव आणि खाली दुकानाचं. कंपनी असेल तर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता.

मग पोस्ट. रजिस्टर्ड ए.डी. हा शब्द आपल्या तोंडात बसलाय, पण काउंटरवर आता चित्र बदललंय. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. १ ऑक्टोबरपासून नवे दर आले. ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट गावातल्या गावात १९ रुपये, बाहेर ४७ रुपये, वर जीएसटी. साधं स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर जो असेल त्याला देता येतं. ते नाव असलेल्या माणसालाच किंवा त्याने नेमलेल्याच माणसाला मिळायला हवं असेल, तर 'रजिस्ट्रेशन' ही जादा सेवा मागून घ्यावी लागते. पाच रुपये अधिक जीएसटी. तुम्ही सांगितलं नाही तर घाईत ते राहून जातं आणि तुमची नोटीस वॉचमनच्या टेबलावर पडून राहते. शिवाय १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ मध्ये आजही 'रजिस्टर्ड पोस्ट' हेच शब्द आहेत. पाच रुपयांसाठी त्या शब्दावर वाद कशाला ओढवून घ्यायचा? पोचही मागून घ्या.

ओटीपी देऊन डिलिव्हरी हाही पर्याय आहे, तेवढेच पाच रुपये. तो नोटिशीसाठी मी घेणार नाही. ज्याला टाळायचंय तो ओटीपी कशाला सांगेल? माल पाठवायला ठीक आहे.

बाबांच्या काळात यूपीसी असायचं, म्हणजे पत्र टाकल्याचा नुसता शिक्का. स्वस्त होतं. २०११ मध्ये ते बंद झालं, तरी काही जुने लोक अजून काउंटरवर मागतात. पत्र टाकल्याचा पुरावा आणि पोचल्याचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून लक्षात ठेवा.

कलम २७ काय म्हणतं ते सोपं करून सांगतो. पत्ता बरोबर, तिकीट पूर्ण, पत्र रजिस्टर्ड पोस्टाने टाकलेलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचलं असं धरायचं. त्यामुळे समोरच्याने पाकीट घेतलंच नाही तरी खेळ संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलावी हाजी प्रकरणात चेक बाउन्सच्या नोटिशीबद्दल हे स्पष्ट केलं. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारून कुणी सुटू शकत नाही. ज्याला खरंच मिळाली नव्हती त्याने कोर्टाचं समन्स आल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावेत. ते न भरता नोटीस मिळाली नाही म्हणून रडायचं नाही, असा त्याचा मथितार्थ.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या बाजूच्या एका रिसॉर्टकडे आमचे ६२ हजार अडकले. मी रजिस्टर्ड ए.डी. पाठवली. दहाव्या दिवशी पाकीट परत, वर पोस्टमनचा शेरा: घेण्यास नकार. मला वाटलं झालं, पुन्हा तेच. पाकीट फोडून कागद फाईलला लावणार, तेवढ्यात वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "फोडू नकोस! ते बंद पाकीटच तुझा पुरावा आहे." आतला कागद, बाहेरचा शिक्का, तारीख, शेरा, सगळं एकत्र, बंद. आजही ते दुकानाच्या कपाटात तसंच आहे.

उलटी पळवाटही असते. पाकीट घेतात आणि म्हणतात, आत कोरा कागद होता. त्यासाठी पाकिटावर आणि पोचकार्डावर "बिल क्र. अमुक बाबत मागणी नोटीस" असं लिहा. त्याच दिवशी तीच नोटीस ईमेलला आणि व्हॉट्सॲपला पाठवा. व्हॉट्सॲपला मी नाकारत नाही, फक्त ते जोडीला ठेवा, एकटं नको. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात चालतो, पण नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन जपावा लागतो. फोनचं काय होतं ते मी वर सांगितलंच. आणि पोस्टाचं ट्रॅकिंग कायम दिसत नाही. "वितरित" आलं की त्याच दिवशी प्रिंट.

चेक बाउन्स झाला असेल तर मात्र निवांत बसायला वेळ नाही. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एक महिन्यात तक्रार. इथे नोटीस कोणत्या तारखेला मिळाली यावर पुढचं सगळं मोजलं जातं. म्हणजे पोच नसेल तर तुम्हाला मोजायला सुरुवातच करता येत नाही. ही नोटीस वकिलांकडूनच काढा, चेकची रक्कम बरोबर लिहिणं वगैरे बारकावे असतात.

रिसॉर्टवाल्याने शेवटी पैसे दिले. कशाने दिले ते सांगतो. आमच्या सीएने सुचवलं म्हणून दुसऱ्या नोटिशीत मी एमएसएमई कायद्याचा एक परिच्छेद घातला. २००६ चा हा कायदा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल किंवा सेवा दिली, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायची, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. त्यात एक कलम पोचेशी थेट जोडलेलं आहे: माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पसंत पडला असं धरतात. म्हणजे चलनावरची सही आणि तारीख ही तुमची पहिली पोच. आमच्या फिटरने स्वतःच सही केली होती, आठवतंय ना?

पण इथे थोडं थांबा. हा फायदा बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी २०२१ पासून पुन्हा मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकीत पैशाचं हे संरक्षण त्यांना नाही. म्हणजे मी प्लायवूडची शीट विकली तर नाही, खिडकी बनवून दिली तर मागू शकतो. संपूर्ण बांधकामाचं कंत्राट असेल तर मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत असं वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्यात बसत नाही असं म्हटलंय. तेव्हा बिलात माल आणि मजुरी कशी लिहिता हे सीएला विचारा. आणि उद्यम नोंदणी काम घेण्याआधी काढा, फुकट आहे. नंतर काढलेली चालते का यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. त्या वादात आपण कशाला पडा.

सरकारी कामं करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभर कंत्राटदार रस्त्यावर आले, ते आपण पाहिलं. तिथे दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि मुख्य कंत्राटदाराखाली काम करणारा छोटा माणूस तर सगळ्यांच्या शेवटी उभा असतो. त्याच्या हातात बहुतेक वेळा वर्क ऑर्डरसुद्धा नसते. त्यावर वेगळा व्हिडिओ करीन.

रिसॉर्टचे ६२ हजार तीन हप्त्यांत आले, व्याज मी सोडून दिलं. त्यांनी पुढचं काम मात्र दुसऱ्याला दिलं, आणि दोन वर्षांत एकदाही फोन नाही. बाबा म्हणाले, बघ, गेलं ना गिऱ्हाईक. गेलं, खरं आहे. मी त्यांना एवढंच विचारलं की पावसच्या बंगल्यावाला कंत्राटदार, ज्याला आपण कधी धड नोटीसही पाठवली नाही, तो तरी परत आला का? ते हसले आणि पेपर उघडून बसले.

गेल्या महिन्यात बाबांनीच एका जुन्या गिऱ्हाइकाचं चलन माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "याच्यावर सही घ्यायची राहिलीये, खेडशीला जाताना घेऊन ये."

पहिल्या दिवशीच्या पत्राचा आणि थकबाकीच्या नोटिशीचा, असे दोन्ही नमुने मराठीत करून ठेवतोय. पुढच्या व्हिडिओत ओळ न् ओळ दाखवतो. तोवर तुमच्या तीन सर्वांत जुन्या उधाऱ्या काढा आणि प्रत्येकीवर काम संपल्याची तारीख लिहून ठेवा.